लीळेतील स्त्री आणि सूत्रातील स्त्री

१

मराठी गद्याच्या आरंभकाळातील स्त्रीविषयक दृष्टीचा शोध घेऊ पाहणाऱ्या अभ्यासकासमोर महानुभाव वाङ्मय एक पेच उभा करते. स्त्रीच्या मासिक धर्माला चिकटलेली विटाळाची कल्पना ज्या चक्रधरांनी तेराव्या शतकात निर्विकारपणे बाजूला सारली, त्यांच्याच वचनांतून सिद्ध झालेल्या सूत्रपाठात, साधकाने चित्रातल्या स्त्रीकडेदेखील पाहू नये, असा निर्बंध येतो. एका ठिकाणी स्त्रीचा देह हा इतर कोणत्याही देहासारखा देह आहे. दुसऱ्या ठिकाणी तो केवळ दर्शनाने साधकाला ढळवणारा पदार्थ आहे. या दोन विधानांपैकी एकाची निवड करून दुसऱ्याकडे डोळेझाक करण्याची सोय आजवरच्या बऱ्याच लेखनाने करून घेतली आहे. पंथाच्या समतावादाचा गौरव करणारे पहिले विधान उद्धृत करतात; त्या समतावादाच्या मर्यादा दाखवू पाहणारे दुसरे. दोघांच्याही हाती संहितेचा अर्धाच भाग राहतो.

ही दोन विधाने दोन वेगळ्या वाङ्मयप्रकारांत आली आहेत, याकडे मात्र पुरेसे लक्ष गेलेले नाही. पहिले विधान लीळेत येते, दुसरे सूत्रात. लीळेत स्त्री उपस्थित असते, विचारते, हट्ट करते, चुकते आणि तिला उत्तर मिळते. सूत्रात ती उपस्थित नसते. तिथे तिच्याविषयी बोलले जाते. धर्माने स्त्रीपुरुषसंबंधांना दिलेला आकार केवळ त्याच्या सिद्धांतांत शोधून भागत नाही. ते सिद्धांत कोणत्या वाङ्मयरूपात टिकवले गेले, कोणाला श्रोता मानून सांगितले गेले, हेही तपासावे लागते. प्रस्तुत विवेचनाचा हा मध्यवर्ती मुद्दा आहे.

२

या विवेचनासाठी वैनगंगेच्या खोऱ्यातील भंडाऱ्यापासून आरंभ करणे सोयीचे आहे. रतनपूरच्या बाराव्या शतकाच्या आरंभीच्या शिलालेखात या गावाचा निर्देश भाणारा असा येतो आणि लीळाचरित्रातही ते येते. चक्रधरांच्या एकाकी भ्रमणाच्या काळातच त्यांना येऊन मिळालेला नीळभट हा याच गावचा. पंथाच्या वाङ्मयात तो गावाच्या नावानेच, भांडारेकर म्हणून, ओळखला जातो. पैठणला अनुयायांचा मेळा जमण्यापूर्वीचा हा काळ लीळाचरित्राच्या 'एकांक' या भागात आला आहे. पुढे पंथ म्हणून जे उभे राहिले त्याच्या मुळाशी असलेल्या आरंभीच्या गुरुशिष्यसंबंधांपैकी एक अशा रीतीने भंडाऱ्याशी जोडलेला आहे.

धर्म आणि स्त्री यांचा संबंध या भूमीला त्याआधीही अपरिचित नव्हता. याच जिल्ह्यातील पवनी येथे १९६९-७० मध्ये झालेल्या उत्खननात प्राचीन बौद्ध स्तूपाचे अवशेष उजेडात आले. तेथील दानलेखांत दान देणाऱ्या स्त्रियाही आहेत. तेथे स्त्री धर्माच्या कक्षेत येते ती दात्री म्हणून, दगडावर कोरलेल्या एका नावाच्या रूपाने. सुमारे दीड हजार वर्षांनंतरच्या लीळाचरित्रात ती येते ती प्रश्नकर्ती म्हणून, तिच्या बोलण्यासकट. हा फरक मोठा आहे. परंतु तो समजून घेण्यापूर्वी भांडारेकराच्या प्रस्थानाकडे पाहिले पाहिजे.

भांडारेकराच्या कथेत एक पुरुष घर सोडतो आणि देवाच्या मागे जातो. संहितेचे लक्ष या जाणाऱ्या पुरुषाच्या मागोमाग जाते. वाट, मुक्काम, भिक्षा, संवाद हे सारे तिच्या विषयाचे अंग होते. मागे राहणाऱ्या घराच्या बाजूने मात्र ही कथा सांगितली जात नाही. हे मौन एकट्या लीळाचरित्राचे नाही. भारतीय संन्यासकथांचा तो सर्वसाधारण धर्म आहे. पुरुषाचा संन्यास हा त्यागाचा प्रसंग असतो, म्हणजे त्याच्याजवळ त्यागण्याजोगे काही असते असे गृहीत असते. स्त्रीच्या संन्यासाची घडण वेगळी आहे आणि ती महानुभाव संहितेत जितकी स्पष्ट दिसते तितकी क्वचितच अन्यत्र दिसते.

३

पंथातील आरंभीच्या स्त्रियांकडे पाहता ही घडण ध्यानात येते. पैठणची नागुबाई ऊर्फ बाइसा चक्रधरांच्या परिवाराची सारी व्यवस्था पाहते. नागदेवाचार्यांची बहीण उमाइसा आणि त्यांच्या नात्यातीलच महदाइसा या परिवारात अग्रभागी आहेत. यांपैकी महदाइसा बालविधवा होती. तेराव्या शतकातील उच्चवर्णीय विधवेला घर होते, पण घरातले स्थान नव्हते. देह होता, पण त्याला समाजमान्य भवितव्य नव्हते. अशा स्त्रीने घर सोडणे म्हणजे जिथून तिला आधीच बाहेर काढले होते तिथून ती स्वतः होऊन निघणे होय. पुरुष संन्यासासाठी प्रतिष्ठा मागे टाकतो. विधवा संन्यासात प्रतिष्ठा मिळवते. बाहेरून एकसारख्याच दिसणाऱ्या या दोन कृतींचा सामाजिक अर्थ जवळजवळ परस्परविरुद्ध आहे.

याचा अर्थ असा नव्हे की महानुभाव पंथाने स्त्रीला दिलेला अवकाश नगण्य होता. महदाइसा गुरूला अडवून प्रश्न विचारते आणि उत्तर पटेपर्यंत सोडत नाही; तिच्या या चिकित्सक वृत्तीचा पंथाने गौरवच केला. पुढे केशिराजबासांसारखा संस्कृतज्ञ पंडित संस्कृतात ग्रंथरचना करू लागला तेव्हा नागदेवाचार्यांनी त्याला अडवले, कारण त्यामुळे पंथातल्या म्हाताऱ्या बायका ज्ञानाला मुकतील. मराठीच्या ग्रंथभाषा म्हणून झालेल्या स्थापनेमागे स्त्री-श्रोत्याची गरज हे एक प्रकट कारण आहे, ही गोष्ट मराठी वाङ्मयेतिहासात नोंदली गेली आहे. तिचा पुरता अर्थ मात्र अजून काढला गेलेला नाही. मराठी गद्याचा आरंभकालीन अभिप्रेत श्रोता बव्हंशी वृद्ध, विधवा, संस्कृतापासून वंचित असा स्त्रीवर्ग आहे. हा वर्ग ऐकत होता म्हणूनच लीळेची भाषा घरगुती, संवादी आणि नेमकी राहिली.

४

विटाळाविषयीची प्रसिद्ध लीळा या श्रोतृवर्गाला समोर ठेवूनच वाचली पाहिजे. परिवारातील स्त्री विटाळशी म्हणून बाजूला बसते. त्यावर चक्रधर सांगतात ते थोडक्यात असे, की देहाला नऊ द्वारे आहेत, त्यांतून वेगवेगळे मळ वाहतात. नाकातून शेंबूड येतो, कानातून मळ येतो, तसाच हाही एक स्राव. त्यात वेगळे असे काही नाही.

या उत्तराचे सामर्थ्य त्याच्या सामान्यपणात आहे. विटाळाची कल्पना उलथून टाकण्याचे दोन मार्ग मध्ययुगात उपलब्ध होते. एक शाक्त मार्ग. त्यात ज्या रक्ताला ब्राह्मणी आचाराने अपवित्र ठरवले त्यालाच शक्तीचे चिन्ह मानून पूज्य केले जाते. रा. चिं. ढेरे यांनी 'लज्जागौरी' (१९७८) या ग्रंथात स्त्रीदेहाच्या सर्जकत्वाच्या अशा उपासनेचा विस्तृत मागोवा घेतला आहे. दुसरा मार्ग सोयराबाईच्या नावावरील अभंगात दिसतो. देहाचा जन्मच विटाळातून झालेला असेल तर शुद्ध कोण, असा प्रतिप्रश्न करून तेथे विटाळ सार्वत्रिक केला जातो आणि त्यामुळे भेद करण्याचे साधन म्हणून तो निरुपयोगी ठरतो. चक्रधर या दोहोंहून वेगळे काही करतात. ते स्त्रीदेहाला पूज्यही करीत नाहीत आणि अपवित्रही मानीत नाहीत. देवीदेवतांची उपासना त्यांच्या तत्त्वज्ञानात मोक्षाला उपयोगी नाहीच; त्यामुळे देहाला दैवी अर्थ देण्याची वाट त्यांना बंद आहे. कर्मकांडाचे त्यांना प्रयोजन नाही. त्यामुळे देहाला अमंगळ अर्थ देण्याची वाटही बंद आहे. उरतो तो अर्थभारातून सुटलेला देह, शेंबूड आणि मळ असलेला, सर्वांचा सारखा.

हा निरर्थ देह ही चक्रधरांची मराठी विचाराला मोठी देणगी होय. तिचे मोल आजही कमी झालेले नाही. भंडाऱ्याला लागून असलेल्या गडचिरोली जिल्ह्यात पाळीच्या दिवसांत स्त्रियांना गावाबाहेरच्या कुर्माघरात राहावे लागण्याची प्रथा एकविसाव्या शतकातही आढळली आहे. तिच्याकडे बोट दाखवून सुटता येत नाही. शहरातील सुशिक्षित कुटुंबांत त्या दिवसांत देवघराकडे न जाण्याचा दंडक कुर्माघराइतका उघड नसला तरी त्याच जातीचा आहे. सात शतकांपूर्वी मराठीतच दिलेले उत्तर मराठी समाजाच्या आचारात उतरले नाही, असा याचा अर्थ होतो. ते का उतरले नाही, याचे एक उत्तर सूत्रपाठात सापडते.

५

लीळाचरित्र म्हाइंभटांनी चक्रधरांच्या प्रयाणानंतर, इ. स. १२७८ च्या सुमारास, परिवारातील स्त्रीपुरुषांच्या आठवणी गोळा करून सिद्ध केले. सूत्रपाठ त्यानंतरचा. लीळांतून चक्रधरांची वचने वेगळी काढून, त्यांची सूत्ररूपाने मांडणी करण्याचे काम केशिराजबासांनी केले. या प्रक्रियेत काय घडते ते महत्त्वाचे आहे. लीळेला स्थळ असते, वेळ असते, प्रसंग असतो, विचारणारी व्यक्ती असते. सूत्राला यांतले काहीच नसते. एका विशिष्ट शिष्याला, विशिष्ट वेळी, त्याचा विशिष्ट दोष पाहून सांगितलेले वाक्य सूत्र झाले की सर्वांना, सर्वकाळ लागू होते. पंथातील विद्वानांनाही या हानीची जाणीव होती. सूत्रांचे मूळ प्रसंग पुन्हा जुळवून देणारे स्वतंत्र वाङ्मय निर्माण करण्याची गरज त्यामुळेच भासली.

स्त्रीविषयक निर्बंध बव्हंशी आचारसूत्रांत येतात. स्त्री हे मादक द्रव्यांतले सर्वांत प्रबळ द्रव्य आहे; इतर द्रव्ये सेवन केल्यावर माजवतात, हे पाहण्यानेच माजवते, असा तेथील आशय आहे. साधकाने देशाच्या टोकाला, झाडाच्या तळाशी एकाकी आयुष्य कंठावे, या उपदेशाच्या चौकटीत हे निर्बंध बसतात. त्यांचे तर्कशास्त्र शुद्ध संन्यासाचे आहे आणि त्या मर्यादेत ते सुसंगतही आहे. परंतु सूत्राचा श्रोता पुरुष आहे हे येथे गृहीत धरले गेले आहे. ज्या भिक्षुणी हीच सूत्रे मुखोद्गत करीत होत्या त्यांनी या सूत्रात स्वतःला कोठे पाहावे? त्यांना एकतर सूत्र उलटे वाचून 'स्त्री'च्या जागी 'पुरुष' घालावा लागतो, किंवा आपण स्वतःच ते मादक द्रव्य आहोत हे मान्य करून पाठांतर करावे लागते. लीळेत जी प्रश्नकर्ती होती ती सूत्रात पदार्थ झाली.

अशा रीतीने विटाळाच्या क्षेत्रातून सुटलेला स्त्रीदेह मोहाच्या क्षेत्रात अडकला. विटाळ ही कर्मकांडाची भाषा आहे. ती देहाला दूर ठेवते, पण ठराविक दिवसांपुरती. मोह ही नीतीची भाषा आहे. ती देहाला सदासर्वकाळ दूर ठेवते. पहिल्या व्यवस्थेत स्त्री काही काळ अस्पर्श्य असते, दुसरीत ती कायमची अप्रेक्षणीय होते. धर्मसुधारणेच्या अनेक चळवळींच्या इतिहासात ही अदलाबदल दिसते. शुद्धाशुद्धतेच्या कल्पना मोडल्या जातात आणि त्यांची जागा संयमाच्या कल्पना घेतात. स्त्रीच्या देहावरील पहारा उठत नाही, पहारेकरी बदलतो.

६

दृष्टीच्या या राजकारणाला महानुभाव वाङ्मयात आणखी एक पदर आहे. सूत्र पुरुषाला स्त्रीकडे पाहण्यास मनाई करते. लीळा मात्र स्त्रीपुरुषांना एका पुरुषदेहाकडे पाहण्याचे मनःपूत आमंत्रण देते. चक्रधरांचे सौंदर्य, त्यांच्या दर्शनाने जनांना लागणारा 'वेध', ही लीळाचरित्रातील पुनःपुन्हा येणारी गोष्ट आहे. वेध हा शब्द येथे पारिभाषिक आहे. देवाच्या सान्निध्याने जीवाचे चित्त खेचले जाणे, हा त्याचा अर्थ. पण त्याची वर्णने वाचताना आकर्षणाची लौकिक भाषा आणि भक्तीची भाषा यांतली सीमा पुष्कळदा पुसट होते. पुरुषाचे आकर्षण मोह ठरते, स्त्रीचे आकर्षण वेध ठरू शकते. अट एवढीच की आकर्षणाचा विषय देव असावा.

ही अट पाळली गेली नाही तर काय होते, हे पंथाच्या अवतारकथेतच सांगून ठेवले आहे. द्वारावतीच्या चांगदेव राउळांकडे कामाख्या ही योगिनी कामेच्छेने येते आणि त्यांच्या दाराशी हट्ट धरून बसते. राउळ तिची इच्छा पुरवीत नाहीत आणि तिला शिक्षाही करीत नाहीत. ते देहत्याग करतात, आणि भरुचच्या प्रधानपुत्राच्या, हरिपाळदेवाच्या, मृत देहात प्रवेश करतात. हाच हरिपाळ पुढे रामटेकच्या यात्रेचे निमित्त करून घराबाहेर पडतो, रिद्धपुरी गोविंदप्रभूंना भेटतो आणि चक्रधर होतो. या कथेचा एक अर्थ ब्रह्मचर्याचा महिमा असा लावला जातो. परंतु कथेची घडण त्याहून गुंतागुंतीची आहे. स्त्रीच्या मागणीपासून सुटण्यासाठी सोडलेल्या देहाच्या बदल्यात जो देह मिळतो तो विवाहित गृहस्थाचा आहे. हरिपाळाला पत्नी आहे, संसार आहे, द्यूताचे व्यसन आहे. द्यूतात हरलेले फेडण्यासाठी पत्नी दागिने देण्यास नकार देते तेव्हा त्याला संसाराची विरक्ती येते. म्हणजे एका स्त्रीच्या मागणीने पहिला देह सुटतो आणि दुसऱ्या स्त्रीच्या नकाराने दुसरा संसार. मागणारी स्त्री आणि नाकारणारी स्त्री, दोघीही देवाच्या प्रवासाची केवळ निमित्ते होतात. कामाख्येला काय वाटले, कमळाइसेने दागिने का राखले, हे कथा विचारीत नाही. बालविधवांच्या दुःखाला वाचा देणारी लीळा पत्नीच्या असुरक्षिततेपाशी मात्र गप्प होते.

७

या साऱ्याचा परिणाम काव्यविचारावरही झाला. रिद्धपूरला गोविंदप्रभूंना लग्नाच्या खेळाची लहर आली तेव्हा महदाइसेने धवळे रचून म्हटले. आद्य मराठी कवयित्रीची ही पहिली रचना विवाहगीताच्या रूपात यावी, यातला विपर्यास लक्षणीय आहे. ज्या समाजात विधवेची सावलीही लग्नमंडपावर पडू देत नसत, त्या समाजातील बालविधवा येथे लग्नाची गाणी गाते, आणि तिला गाण्याचा अधिकार कोणी नाकारीत नाही, कारण नवरदेव देव आहे. तिच्या गीतातील रुक्मिणी स्वतः वर निवडते, त्याला निरोप धाडते, भावाच्या इच्छेविरुद्ध त्याच्याबरोबर जाते. स्त्रीच्या इच्छेचे इतके निःसंकोच चित्रण करण्याची मुभा महदाइसेला मिळाली ती देवाच्या लीळेच्या आश्रयाने. लोकांनी गोविंदप्रभूंना माय आणि बाप अशा दोन्ही शब्दांनी हाक मारावी, यातही तोच आश्रय दिसतो; देवाच्या ठिकाणी लिंगभेदाच्या रेषा सैल होतात आणि त्या सैल जागेत माणसांना थोडा श्वास घेता येतो.

भास्करभट बोरीकरांच्या वाट्याला हा आश्रय आला नाही. चौदाव्या शतकाच्या आरंभीच्या त्यांच्या 'शिशुपाळवधा'त वीरकथेपेक्षा कृष्ण-रुक्मिणीचा शृंगार अधिक रंगला. पंथातील परंपरा सांगते की ग्रंथ उत्तम, परंतु निवृत्तांच्या योग्यतेचा नव्हे, असा अभिप्राय त्यावर दिला गेला, आणि मग भास्करभटांनी भागवताच्या एकादश स्कंधावर 'उद्धवगीता' रचली. मराठी समीक्षेच्या इतिहासातील हा एक अगदी प्रारंभीचा निर्णय होय. त्याची रचना सूत्रासारखी आहे. काव्य म्हणून ग्रंथाची श्रेष्ठता मान्य केली जाते, पण त्याचा वाचक कोण असावा, या कसोटीवर तो बाजूला ठेवला जातो; आणि हा योग्य वाचक म्हणजे स्त्रीचे चित्रही न पाहणारा साधक. महदाइसेचे धवळे गाण्यापुरते, प्रसंगापुरते होते. ते लीळेच्या मोकळ्या प्रदेशात राहिले. भास्करभटांचा ग्रंथ ग्रंथ होता, म्हणून तो सूत्राच्या न्यायासनासमोर आला.

८

पंथाबाहेरच्या समाजाने या संमिश्र परिवाराकडे पाहिले ते वेगळ्याच नजरेने. स्त्रिया आणि पुरुष एकाच गुरूच्या छायेत घर सोडून राहतात, ही गोष्टच त्याला संशयास्पद वाटली. 'करणी कसाबाची, बोलणी मानभावाची' ही म्हण आणि 'मानभावी' हे विशेषण मराठीत रूढ झाले. एका धर्मपंथाचे नाव ढोंगाचा पर्याय झाले. ज्यांनी स्त्रीकडे न पाहण्याचे व्रत घेतले त्यांनाही समाजाने सोडले नाही, कारण त्यांच्यात स्त्रिया होत्या. पुढे पंथाने आपले ग्रंथ सांकेतिक लिप्यांत बंदिस्त केले आणि विसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत ते बाहेरच्या वाचकाला दुर्लभ राहिले. विटाळाची लीळा समाजात न झिरपण्याचे हेही एक कारण. सूत्राला अनुकूल असा संयमाचा उपदेश समाजाला इतर मार्गांनी मिळतच होता. लीळेतले वेगळे उत्तर मात्र लिपीच्या कुलपात राहिले.

संन्यासाचे नियम ज्यांना लागू नव्हते त्या गृहस्थसमाजाने स्त्रीदेहाच्या दर्शनाचा प्रश्न आपल्या रीतीने सोडवला. जुन्या वाङ्मयात झाडीमंडळ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या भूप्रदेशात, म्हणजे भंडारा, गोंदिया, गडचिरोली, चंद्रपूर या भागात, दिवाळीनंतर गावोगाव मंडई भरते आणि रात्री दंडार, खडी गंमत असे खेळ होतात. या खेळांत स्त्रीभूमिका परंपरेने पुरुषच करीत आले. लुगडे नेसलेला नाच्या थट्टा करतो, शृंगार करतो, गृहस्थीतल्या पुरुषी दंभावर बोट ठेवतो आणि सारा गाव, बायांसकट, ते पाहतो. येथे स्त्रीचे चित्र पाहिले जाते, पण स्त्री मंचावर नसते. सूत्राशी या खेळांचा कार्यकारणसंबंध जोडण्याचे कारण नाही. परंतु दोहोंमागचे गृहीतक एकच आहे. स्त्रीचा देह सार्वजनिक दृष्टीला सोसवणारा नाही, हे ते गृहीतक. संन्यासी दृष्टी आवरतो, लोकरंगभूमी देह बदलते. फरक एवढाच की नाच्याच्या अंगात लिंगभेद हा वेषासारखा चढवता-उतरवता येतो हे गावाला दिसत राहते. सूत्रात असे काही दिसण्याची सोय नाही. पुढे झाडीपट्टीच्या नाटकांत स्त्रिया भूमिका करू लागल्या, तेव्हा नाच्याला जी मुभा गावाने सहज दिली होती ती नटीला चारित्र्याच्या मोबदल्यात मिळू लागली.

९

स्त्री दर्शनानेच माजवते, या वाक्याला विदर्भातूनच, पण सहा शतकांनी, उत्तर आले. बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांचा 'स्त्री-पुरुष तुलना' हा निबंध १८८२ मध्ये प्रसिद्ध झाला. त्याचे निमित्त होते १८८१ मधील सुरतेचा खटला. विजयालक्ष्मी नावाच्या ब्राह्मण विधवेला बालहत्येसाठी शिक्षा झाली आणि वृत्तपत्रांनी समस्त स्त्रीजातीच्या अनीतीवर टीका सुरू केली. ताराबाईंनी महानुभाव सूत्रे वाचली असण्याची शक्यता नाही, म्हणून येथे प्रभावाचा प्रश्न उद्भवत नाही. परंतु त्यांच्या युक्तिवादाची दिशा थेट त्या गृहीतकावरच जाते. भुलवणारा पुरुष आणि भुलणारी स्त्री यांच्यात दोष मात्र एकट्या स्त्रीच्या देहात का शोधला जातो, विधवेला दुसरे लग्न नाकारणारा धर्म तिच्या पतनाचा जबाब कोणाकडे मागतो, असे ताराबाई विचारतात. जोतीराव फुल्यांनी १८८५ मधील 'सत्सार'मध्ये त्यांची पाठराखण केली. नंतर हा निबंध विस्मृतीत गेला आणि स. गं. मालशे यांनी १९७५ मध्ये तो पुन्हा उजेडात आणला.

वाङ्मयप्रकाराच्या दृष्टीने पाहता ताराबाईंची कृती विशेष ठरते. त्यांनी सूत्राची भाषा घेतली, म्हणजे सर्वांना, सर्वकाळ लागू होणारी सामान्य विधाने केली. पण त्या भाषेचा श्रोता पुरुष आणि विषय स्त्री ही मांडणी उलटवली. निबंध हा प्रकार एकोणिसाव्या शतकात पुरुषांच्या हाती होता. त्यात स्त्री चर्चेचा विषय होती. ताराबाईंनी विषयाला वक्ता केले आणि वक्त्याला विषय. महदाइसेला प्रश्न विचारता आले ते गुरूच्या सान्निध्यात, लीळेच्या आश्रयाने. ताराबाईंना कोणाचाही आश्रय नव्हता. म्हणून त्यांचा स्वर कडवट आहे आणि म्हणूनच तो कोणत्याही परिवारापुरता मर्यादित राहत नाही.

चक्रधरांना आधुनिक स्त्रीवादाचे पूर्वज ठरवणे जसे अनैतिहासिक, तसेच त्यांना स्त्रीद्वेष्टे ठरवणेही. त्यांच्या वचनांना ज्या परंपरेने टिकवले तिने दोन पेट्या केल्या. एकीत बोलणे ठेवले, दुसरीत नियम. बोलण्यात स्त्री होती तेव्हा देह साधा होता, नाकाकानासारखा. नियमात ती नव्हती तेव्हा देह भयंकर झाला. धर्म आणि संस्कृती स्त्रीपुरुषांच्या देहांविषयी काय ठरवतात हे बऱ्याच अंशी यावर अवलंबून राहते, की ते ठरवले जात असताना खोलीत कोण बसले होते आणि लिहून काढताना कोणाचे नाव वगळले गेले. लीळाचरित्राचे अजूनही न संपलेले महत्त्व हे, की त्याने विचारणाऱ्या बायकांची नावे वगळली नाहीत.